भाच्याचं यीस्ट, मामाचा गूळ

अमेरिकेतल्या भाच्याचा फोन मला दोनच गोष्टींसाठी येतो, दिवाळी आणि गूळ. दिवाळी वर्षातून एकदाच येते, हे नशीब.

पोरगा घरी बिअर करतो. तिथल्या केंद्रीय कायद्यानं 1978 मध्ये ही मोकळीक दिली. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला दोनशे गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर! इथं महाराष्ट्रात, आमच्या देवळा गावात, 1949 चा दारूबंदी कायदा लागू, परवान्याशिवाय वाटीभर केली तरी पाहुणचार सरकारी. त्यामुळे या विषयात मी संपूर्ण निर्दोष आहे आणि म्हणूनच सल्ला द्यायला मोकळा.

"मामा, स्टार्टरला गूळ चालेल का?"

स्टार्टर म्हणजे बिअरच्या पिंपात उतरवण्याआधी यीस्टची संख्या वाढवायची तयारी. लिटरभर पाण्यात शंभर ग्रॅम माल्टची पावडर उकळायची, निववायची आणि यीस्ट सोडायचं. माल्ट विकत आणावं लागतं, गुळाची ढेप मात्र आमच्या ताईनं पाठवलेली असते. (ताईच्या मते मुलगा तिकडे काहीतरी लोणच्यासारखं मुरवतो.)

मी म्हटलं, "अरे, आम्ही डाळिंबाला जीवामृत करतो. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, गोमूत्र, बांधावरची मूठभर माती आणि दोन किलो गूळ. पण गुळाबरोबर दोन किलो बेसनही घालतो. ते काय भजी तळायला? गुळात ताकद आहे, नत्र कुठाय?"

यीस्टचंही तसंच. नुसत्या साखरेवर त्याची वाढ नीट होत नाही. शिवाय त्याला नखरे फार. साखर ते झटकन फोडतं, त्यातलं ग्लुकोज आधी गट्टम करतं आणि माल्टमधलं माल्टोज पचवायची यंत्रणा बंद ठेवतं. मग बिअरच्या पिंपात माल्टोज समोर आलं की आजोळी महिनाभर शिरापुरी खाऊन परतलेलं पोर भाकरीकडे बघतं, तसं बघत बसतं.

"मग मळी?" भाच्यानं विचारलं.

आमचा विठेवाडीचा वसाका, म्हणजे वसंतदादा पाटील सहकारी साखर कारखाना, जोरात चालायचा तेव्हा मळीच्या वासानंच हंगाम कळायचा. वास फुकट, बादलीभर मळीला मात्र परवाना. भाचा ती दुकानातून बाटलीत आणतो, म्हणे केकसाठी असते. ऐकून मला कायद्याचीच दया आली.

स्पीकरवरचं हे सगळं शेजारचे आप्पा ऐकत होते. "त्याले सांग, नवसागर टाक," ते शांतपणे म्हणाले. हे ज्ञान आप्पांना कुठून आलं, हे विचारायची आमच्या गल्लीत पद्धत नाही. पण नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, त्यात नत्र आहेच! शास्त्र आप्पांच्या बाजूनं होतं. फक्त बाजारातला नवसागर भांड्यांच्या कल्हईसाठी असतो, आतड्यांच्या नाही.

तर माझा निकाल असा. स्टार्टरला माल्टच. गूळ चवीसाठी मुख्य बिअरमध्ये, उकळून, गाळून, थोडासाच. आणि वाचकहो, तुम्ही महाराष्ट्रात राहत असाल तर ड्रममध्ये गुळाच्या आधी शेण टाकत चला.