लागेल कधीतरी

मराठी घरात एक डबा असा असतो की तो उघडल्याशिवाय कुठलीही दुरुस्ती सुरू होत नाही, आणि उघडल्यावर त्यातलं काहीही उपयोगी पडत नाही. नळाचे वायसर, मिक्सरच्या भांड्याचं रबर, कधीच निवर्तलेल्या गीझरचे स्क्रू आणि कुकरच्या तीन रिंगा. त्यातली एकही सध्याच्या कुकरची नसते. या डब्याचं तत्त्वज्ञान दोनच शब्दांचं आहे : ‘लागेल कधीतरी’. जमिनीवर ते निरुपद्रवी असतं, कारण नळ गळलाच तर खाली बादली ठेवता येते. घोटाळा होतो तो हाच डबा स्कूबाच्या पिशवीत शिरून तारकर्लीला किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडला निघतो तेव्हा. तिथे त्याला ‘स्पेअर ओ-रिंगा’ असं भारदस्त नाव मिळतं, कप्प्याकप्प्यांची पारदर्शक पेटी मिळते, आणि पेटीच्या मालकाला आपण सज्ज असल्याचा भास होतो. माझं म्हणणं एवढंच आहे की जिचं माप, रबर आणि वय ठाऊक नाही ती रिंग स्पेअर नव्हेच. ती असण्यापेक्षा नसणं बरं. नसली तर माणूस निदान बोटीवर मुकाट बसून राहतो.

हे जरा कडक वाटेल, पण रिंगेवर काय प्रसंग येतो ते पाहा. घरच्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला जादा दाब असतो जेमतेम १ बार. स्कूबाचा भरलेला सिलिंडर साधारण २०० बारचा. रेग्युलेटरचा पहिला टप्पा हा दाब भोवतालच्या पाण्यापेक्षा ९-१० बार जास्त एवढ्यावर आणतो, तोंडातला दुसरा टप्पा त्याची श्वासाजोगी हवा करतो, आणि या वाटेवर जोडाजोडात एकेक रबरी कडं बसलेलं असतं. ही युक्ती अमेरिकेत स्थायिक झालेल्या नील्स क्रिस्टेन्सन या डॅनिश संशोधकाची. १९३७ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला तेव्हा ते ७२ वर्षांचे होते. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी. रिंग खाचेत किंचित दाबून बसवायची. मग हवेचा दाब आला की तोच तिला पलीकडच्या भिंतीवर रेटतो आणि फट आणखी घट्ट बुजते. चोरालाच राखणीला बसवण्याचा इतका यशस्वी प्रयोग दुसरा नसेल. फक्त ते ‘किंचित दाबून’ खरं ठरावं लागतं. रिंग बारीक असली तर दबत नाही, जाड असली तर खाचेत मावत नाही, फार मऊ असली तर फटीतून बाहेर निसटते आणि म्हातारी होऊन चपटी झाली असली तर रेटाच देत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : ‘बसली ना? मग झालं.’ बसण्याचं कौतुक आपण लग्नाच्या पंगतीत करावं, व्हॉल्व्हमध्ये नको. योक पद्धतीच्या, म्हणजे रेग्युलेटर वरून शिकंजासारखा आवळून बसवायच्या, व्हॉल्व्हच्या तोंडावर लागते ती अमेरिकन एएस ५६८ मापातली ०१४ नंबरची रिंग : आतला व्यास १२.४२ मिलिमीटर, जाडी १.७८. पेटीत तिच्या शेजारी १२ व्यासाची, २ जाडीची मेट्रिक रिंग पडलेली असते. जाडीत पाव मिलिमीटरचाही फरक नाही, आणि हलत्या बोटीवर ओल्या बोटांना या दोघी जुळ्या वाटतात. लो-प्रेशर नळीच्या टोकाची ०११ आणि हाय-प्रेशरच्या टोकाची ०१२ या तर एकाच जाडीच्या सख्ख्या बहिणी. व्यासात दीडेक मिलिमीटरचं अंतर. म्हणून दोनशे-सव्वादोनशे रिंगांची मिश्र पेटी म्हणजे दोनशे चुका करण्याची सोय. रेग्युलेटरच्या पोटातल्या रिंगा हा तंत्रज्ञाचा प्रांत, तिथे आपण हात घालायचाच नाही. किनाऱ्यावर आपण बदलायच्या त्या तीन-चार मापांच्याच. त्यातही योकची रिंग रेग्युलेटरवर नसतेच, ती असते सिलिंडरवर. आणि भाड्याचा सिलिंडर म्हणजे गावजेवणातला पाट, रोज त्यावर नवा माणूस बसतो. तेव्हा ०१४ पाच घ्याव्यात, नळ्यांच्या दोन-दोन पुरे. आटे फिरवून बसवायच्या डिन जोडणीची रिंग मात्र आपल्याच रेग्युलेटरवर बसते. तिचं माप त्याच्या पुस्तिकेतून घ्यावं, शेजाऱ्याच्या आठवणीतून नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त मातब्बर, कारण तो पैसेवाल्यांचा असतो : ‘मग सगळ्यात महागाची घ्या, व्हायटॉनची.’ व्हायटॉन गुणी खरंच. ओझोनला आणि वयाला ते साध्या काळ्या नायट्राइल रबरापेक्षा पुष्कळ कमी दाद देतं, आणि ४० टक्क्यांहून अधिक ऑक्सिजन असलेल्या मिश्रणांसाठी नायट्राइल सोडून त्याच्याकडे किंवा ईपीडीएम रबराकडे वळावंच लागतं. पण २८ जानेवारी १९८६ च्या सकाळी चॅलेंजर यान उडालं तेव्हा त्याच्या रॉकेटच्या जोडात याच कुळातल्या रबराच्या रिंगा होत्या, हवा होती २ अंश सेल्सियसच्या आसपास, आणि गारठलेलं रबर वेळेत फुलून फट बुजवू शकलं नाही. सात माणसं गेली. पुढे चौकशीच्या बैठकीत रिचर्ड फाइनमननी त्याच रबराचा तुकडा चिमट्यात आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि सोडवल्यावर तो पूर्ववत होत नाही हे सगळ्यांदेखत दाखवलं. मालवणच्या पाण्यात बर्फाची धास्ती नाही हे कबूल. पण महाग म्हणजे सर्वगुणसंपन्न, हे समीकरण साड्यांच्या दुकानापुरतंच ठेवावं. साध्या हवेसाठी नायट्राइल उत्तम चालतं. सिलिंडरच्या तोंडाशी जरा कडक, ९० शोअर कडकपणाची घ्यावी, बाकी ठिकाणी ७० पुरते.

आता साठवण, इथे मराठी घराचा आत्मविश्वास सगळ्यात जास्त आणि कामगिरी सगळ्यात वाईट. जून ते ऑगस्ट कोकणात डायव्हिंग बंद असतं, आणि तेवढ्या काळात रिंगा कुठे असतात? खिळ्याला टांगलेल्या. तोरणासारख्या शोभतात, पण टांगलेली रिंग स्वतःच्याच वजनाने एका जागी ताणून राहते आणि तो आकार धरते. रबर साठवण्याचं आयएसओ २२३० हे मानक सांगतं ते आजीच्या लोणच्याच्या नियमांसारखंच आहे : ऊन नको, ओल नको, २५ अंशांवर गरमी नको, ताण नको, आणि ठिणग्या पाडणाऱ्या विजेच्या मोटारीचा शेजार नको, कारण तिचा ओझोन नायट्राइलला चिरा पाडतो. म्हणजे मिक्सरच्या वरचं फडताळ बाद. कुकरची सैल रिंग फ्रीजमध्ये ठेवण्याचा घरगुती तोडगाही इथे आणू नये. आधीच ग्रीस फासून ठेवायचं नाही. ते बसवताना, तेही चकाकीपुरतं. खोबरेलाचा तर विचारही नको, उच्च दाबाचा ऑक्सिजन आणि तेल यांचं जमलं की आग लागते. प्रत्येक माप वेगळ्या बंद अपारदर्शक पाकिटात, वर नंबर, रबर आणि वर्ष. याच मानकाप्रमाणे नीट ठेवलेल्या नायट्राइलला ७ वर्षं मिळतात, तपासून आणखी ३. पाकिटाशेजारी रिंग काढायचा पितळी किंवा प्लास्टिकचा आकडा ठेवावा. आपलं राष्ट्रीय अवजार जी सेफ्टी पिन, तिने खाचेत ओरखडा पडतो, आणि मग गळतीचा दोष जन्मभर बिचाऱ्या नव्या रिंगांना लागतो.

‘काही रुपयांच्या वस्तूसाठी एवढा काथ्याकूट?’ हा शेवटचा आक्षेप खरं तर माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. वस्तू स्वस्त आहे म्हणूनच जुनी जपून ठेवायला कारण उरत नाही. सोनं जपावं, रबर बदलावं. डायव्हिंगवाल्याकडे मिळतेच की, असंही कुणी म्हणेल. मिळते, पण ती कुठून काढतो ते पाहा : त्याच्याकडेही एक डबा असतो.

तेव्हा या पावसाळ्यात पेटी उघडा आणि माप, रबर, वर्ष यांपैकी जिची एखादी जरी गोष्ट सांगता येत नसेल ती प्रत्येक रिंग बाहेर काढा. टाकवतच नसतील तर परसातल्या पाण्याच्या पाइपाला लावा. तिथे गळलं तर अळू चांगलं येईल.