शेवाळ पाळणारा माणूस

मासे पाळणाऱ्या माणसाचं नाव सांगण्यात अर्थ नसतो. असा एक तरी माणूस प्रत्येक गावात निघतोच. चिरनेरात त्याला टाकीवाला म्हणू. चिरनेर म्हणजे पनवेल-उरण पट्ट्यातलं, महागणपतीचं आणि १९३०च्या जंगल सत्याग्रहाचं गाव. बाहेरगावची माणसं इथे संकष्टीला दर्शनाला येतात, २५ सप्टेंबरला हुतात्म्यांना वंदन करायला येतात. टाकीवाल्याकडे येतात ती मासे बघायला. आणि आगरी गावात पाहुणा मासे बघायला आला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हे रांधाचे का नुसते बघाचे?"

नुसते बघायचे. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले क्लाउनफिश, २००३ साली 'फाइंडिंग नेमो' आल्यापासून जगभरच्या पोरांना तोंडपाठ झालेले. सिनेमात नेमोची आई जाते आणि बाप पोराला शोधत समुद्रभर फिरतो. खऱ्या समुद्रात असा बाप फिरत बसत नाही. क्लाउनफिश जन्मतः सगळे नर असतात आणि घरातली मोठी मादी गेली की तिचा नर स्वतःच मादी होतो. ही माहिती टाकीवाल्याने एकदा जेवताना पंगतीत सांगितली. त्यावर कुणी काही बोललं नाही, पण त्यानंतर त्याच्या सासूबाईंनी टाकीकडे पाठ करून बसायला सुरुवात केली.

गोड्या पाण्याचे मासे पाळणं ही हौस आहे. खाऱ्या पाण्याचे पाळणं हा संसार आहे. त्यातही चिरनेरात ही अडचण अंमळ विनोदीच. समुद्र आणि खाडी जवळच, उरण-पनवेल-पेणच्या पिढ्या मिठागरांवर राबलेल्या, आणि या गृहस्थाचं मीठ कुरियरने येतं. खाडीचं पाणी टाकीत ओतता येत नाही, कारण ते गढूळ असतं, बंदर आणि कारखान्यांच्या शेजारचं असतं आणि पावसाळ्यात डोंगरावरचं गोडं पाणी उतरलं की त्याचा खारेपणा पार कोसळतो. मिठागराचं मीठही चालत नाही. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यातलं खायचं मीठ तीन-चतुर्थांशाहून थोडं जास्त. उरलेलं मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम वगैरे. मिठागरात पाणी आटत जातं तसा कॅल्शियमचा बराच भाग आधीच खाली बसतो, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम-पोटॅशियम मागे राहिलेल्या कडू पाण्याबरोबर सोडून दिलं जातं. माशांना हवा असतो सगळा हिशेब. म्हणून आजोबांनी जे फेकून दिलं, त्यासकट पुडा बांधून नातवाला विकला जातो.

दोनशे लिटरच्या टाकीला सात किलो मीठ लागतं. पुढे पाणी आटतं, मीठ आटत नाही, त्यामुळे रोज वरून गोडं पाणी घालायचं. शिवाय टाकीच्या कडांवर, झाकणावर, वायरींवर, शेजारच्या कपाटावर पांढरी खपली धरते ती वेगळीच. "सासरे मिठागरावर जायचे, तेव्हासुद्धा घरात एवढं मीठ नव्हतं," असं टाकीवाल्याची बायको म्हणते, आणि तिचं म्हणणं फडक्यावर दिसतं.

तर मूळ दुखणं शेवाळाचं. मासा खातो, म्हणजे घाणही करतो. त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्रेट करतात आणि तिथे गाडी अडते. खाद्यातला फॉस्फेटही पाण्यातच मुक्कामाला राहतो. नायट्रेट आणि फॉस्फेट म्हणजे चक्क खत. खत आणि दिवा एकत्र आले की काचेवर, दगडावर, पंपाच्या तोंडावर हिरवी मखमल उगवते. उपाय दोन. एक, दर काही दिवसांनी पाचवा हिस्सा पाणी बदलायचं, म्हणजे चाळीस लिटर पाण्याबरोबर जवळजवळ दीड किलो कुरियरवालं मीठ मोरीत. दुसरा, हजारो रुपयांचं फेस काढणारं यंत्र घ्यायचं. चिरनेरच्या माणसाला तिसरा उपाय आवडणार हे उघड आहे: काट्याने काटा काढायचा. शेवाळ नको असेल तर शेवाळच लावायचं, फक्त आपण सांगू तिथे. एका जाळीवर त्याला पाणी, उजेड आणि खत इतकं भरपूर द्यायचं, की टाकीतल्या शेवाळाच्या वाट्याला काही उरू नये. मग जाळी खरवडायची. शेवाळ बाहेर आलं, की त्यात बांधलं गेलेलं खतही बाहेर आलं.

हे खूळ चिरनेरचं नाही. अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेतल्या वॉल्टर एडी या शास्त्रज्ञाने प्रवाळखडकांवर लाटा सतत आदळतात तिथे आखूड शेवाळाची दाट हिरवळ कशी जोमाने वाढते, हे पाहून ठेवलं होतं. त्यावरून त्याने उथळ तबकं केली, त्यांत जाळी बसवली आणि पाणी भरलं की आपोआप कलंडणाऱ्या बादलीने त्यांच्यावर लाट सोडली. १९८० साली वॉशिंग्टनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात त्याचा जिवंत प्रवाळखडक प्रेक्षकांसाठी खुला झाला आणि १९८२ साली या शेवाळ-गाळणीचं पेटंट मिळालं. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला १९८७ साली उघडलेल्या पंचवीस लाख लिटरच्या मत्स्यालयातही हीच पद्धत होती. मत्स्यालयवाल्यांची एक तक्रार मात्र पुढे बरीच गाजली, की शेवाळाने पाण्याला पिवळट झाक येते.

सगळ्यात मजेदार प्रकरण ॲरिझोनातल्या 'बायोस्फिअर २'चं. २६ सप्टेंबर १९९१ रोजी आठ माणसं एका प्रचंड काचघरात शिरली आणि बरोबर दोन वर्षांनी बाहेर आली. आत शेत, जंगल आणि लाखो लिटरचा एक समुद्र होता, आणि त्या समुद्राचं पाणी एडीच्याच पद्धतीने शेवाळाच्या तबकांवरून फिरत होतं. पोटभर अन्न पिकवताना त्या माणसांच्या नाकी नऊ आले, वजनं उतरली आणि त्यातच तबकांवरचं शेवाळ खरवडायचं काम होतं ते होतंच. टाकीवाल्याने ही गोष्ट घरी सांगितली ती स्फूर्ती म्हणून. बायकोने ऐकली ती इशारा म्हणून.

एडीचं तबक घरात मावत नाही. २००८च्या सुमाराला हौशी लोकांनी जाळी आडवी न ठेवता उभी टांगली आणि वरून नळीने पाणी सोडलं. तेवढ्याने बादली, लाट, पसारा सगळं संपलं. या उभ्या जाळीचे आडाखे सोपे आहेत. रोज गोठवलेल्या खाद्याची एक वडी घालत असाल तर बारा चौरस इंच जाळी, दोन्ही बाजूंनी उजेड. रुंदीच्या दर इंचाला ताशी सुमारे एकशेतीस लिटर पाणी. टाकीवाला जरा सढळ हाताचा, म्हणून त्याने सहा बाय सहाची जाळी धरली. म्हणजे ताशी आठशे लिटर, आणि तेवढं पाणी कूलरचा पंपही फेकतो. फक्त त्या पंपात पाण्याला लागणारं तांबं किंवा लोखंड नको, कारण लोखंड गंजतं आणि तांबं शंख-खेकड्यांच्या जिवावर उठतं.

जाळी घरातच सापडली. आत्याने कधीकाळी लोकर भरून पर्स करायला आणलेली प्लास्टिकची चौकटीदार जाळी, अर्धी भरलेली, मधोमध एक अपुरा मोर. टाकीवाल्याने मोर उसवला. (याचा जाब पुढे गणपतीत द्यावा लागला.) गुळगुळीत जाळीवर शेवाळ धरत नाही, म्हणून ती एक्सा ब्लेडने दोन्ही बाजूंनी घासायची, हाताला टोचेल इतकी खरखरीत होईपर्यंत. मग पाऊण इंची पीव्हीसी पाइपला लांबीत सहा इंचाची चीर. इथे खरी कसोटी. ब्लेडचं पातं जेमतेम एक मिलिमीटर कापतं आणि चीर हवी तीन मिलिमीटरची. टाकीवाल्याने तीन पाती एकाला एक लावून चिकटपट्टीने बांधली आणि ओसरीवर पाइप पायाच्या अंगठ्यांत धरून बसला. पांढरा भुसा लुंगीवर पडत होता, पाइप मध्येच चीर आवळून पात्यांना चावत होता. अखेर चीर झाली, थोडी नागमोडी. पाइपचं एक तोंड टोपीने बंद, दुसऱ्याला पंपाची नळी, जाळी चिरेत सरकवून दोन प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळलेली, खाली बादली, बादलीतून पाणी परत टाकीत. पाणी सोडलं तेव्हा जाळीवर दोन्ही बाजूंनी पातळ, सलग पडदा उतरला. बायको म्हणाली, "छान आहे हो." हे ती नागमोडी चिरेबद्दल म्हणाली की एकूणाबद्दल, ते त्याने विचारलं नाही.

विजेच्या बाबतीत एक शहाणपण या हौशी मंडळींकडून उचलण्यासारखं आहे: पंपाची वायर सरळ प्लगकडे न नेता प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्यायची, म्हणजे वायरीवरून ओघळणारं खारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, सॉकेटात शिरत नाही.

उजेडासाठी रोपं वाढवायचे एलईडी, दिवसाला अठरा तास. त्यामुळे रात्री अकरा वाजता अख्खी आळी झोपलेली असताना टाकीवाल्याच्या खिडकीतून गुलाबी-जांभळा प्रकाश रस्त्यावर पडतो आणि पनवेलच्या एखाद्या बारने इकडे शाखा काढल्यासारखं दिसतं. एक-दोन ओळखीचे लोक चौकशीला आले. शेवाळ आहे म्हटल्यावर निराश होऊन परत गेले.

पाहुण्यांचा दुसरा ठरलेला प्रश्न प्रवाळाचा असतो. मुंबईत १९५१ साली उघडलेलं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलेला प्रत्येक जण विचारतो, दगड साधे का, ते रंगीत झुडपासारखं का नाही? तर प्रवाळ आपल्याकडे २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्या पंगतीला बसलेलं आहे. घोडामासा आणि समुद्रकाकडीही तेव्हाच त्या यादीत आले. टाकीवाल्याचे दगड सिरॅमिकचे आहेत आणि तो ते अभिमानाने सांगतो.

इकडे पहिले काही दिवस जाळीवर तपकिरी बुळबुळीत थर आला. मग तो काळपट झाला, मग हिरवे केस फुटले. आठवड्याला जाळी काढून नळाखाली धरायची आणि बोटांनी खरवडायची, पण घासून लख्ख करायची नाही. बुडखे राहिले तरच पुन्हा फुटतात. पाणी गोडंच हवं, कारण शेवाळात घर केलेले आणि ते फस्त करणारे बारीक खारे किडे गोड्या पाण्याने मरतात. एकदा हे काम लांबलं, शेवाळाने चीर बुजली, पाणी भलत्याच दिशेने उडालं आणि कपाटातल्या लग्नाच्या अल्बमला समुद्रस्नान घडलं.

गणपतीत घर भरलं. येईल ते पोर माशांना काहीतरी भरवून जात होतं, काहींनी मोदकाचं सारणही. नायट्रेट चढणार म्हणून टाकीवाला धास्तावला होता, पण काच स्वच्छ राहिली आणि जाळी अशी माजली की दोन ओंजळी शेवाळ निघालं. ते ताटात घेऊन तो माजघरात आला. आत्याने आधी जाळी ओळखली. मोराचं काय झालं याचा सविस्तर हिशेब झाल्यावर तिने ताटातली हिरवी लड बोटाने उचलून वास घेतला. तिला आठवली पोपटी, मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून भाजायच्या शेंगा.

"भांबुर्डी नाय गावली, तं यो पाला पोपटीला चालंल का?"

टाकीवाल्याने गंभीरपणे सांगितलं की हे फार खारट असतं, शेवग्याच्या बुंध्याशी टाकायचं तरी चार पाण्यांनी धुवावं लागतं.

"मंग बरंच की," आत्या म्हणाली, "पोपटीन मीठ टाकाला नको."