सिस्टिमभाऊ

तारापूर एमआयडीसीतल्या प्रत्येक कारखान्यात एक सिस्टिमभाऊ असतो. आमचे राहतात सरावलीत, बाइकवर येतात आणि स्क्रीनवरच्या मेसेजवर काडीचाही विश्वास ठेवत नाहीत.

डिस्पॅचच्या मॅडम ओरडतात, “भाऊ, सर्व्हर सापडत नाही म्हणतंय! इन्स्टन्सचं नाव तपासा म्हणतंय!”

“नाव बारशापासून तेच आहे,” म्हणत भाऊ उठतात. बंद पडलेली सर्व्हिस चालू करतात, फायरवॉलमध्ये १४३३ नंबरचं पोर्ट मोकळं करतात. नावाला हातही न लावता चलनं निघू लागतात.

मायएसक्यूएलचा ‘१०४५, ॲक्सेस डिनाइड’ आला, की अकाउंटंट तोच पासवर्ड पुन्हा टाकतात, या वेळी बटणं जोरात दाबून. भाऊ फक्त कंसातलं वाचतात : ‘युजिंग पासवर्ड : नो’. “साहेब, तुमचा पासवर्ड चुकला नाही. प्रोग्रामने तो पुढे दिलाच नाही.”

एसक्यूएल सर्व्हरचा १८४५६ मात्र भाऊंचा लाडका. ‘लॉगिन फेल्ड’ एवढंच तो सांगतो आणि पुढे ‘स्टेट १’ लावतो. युजरच नाही की पासवर्ड चुकला, हे मुद्दाम दडवतो. उगाच चोराला माग कशाला द्या? खरा आकडा सर्व्हरच्या लॉगमध्ये : ५ म्हणजे असा युजरच नाही, ८ म्हणजे पासवर्ड चुकला. “याला म्हणतात खानदानी मेसेज!”

हा खानदानीपणा भाऊंनी स्वतःही अंगी बाणवलाय. बिलिंग का थांबलं होतं, असं मालकांनी विचारलं, की उन्हाळा असो वा पावसाळा, उत्तर एकच : “नेटवर्क इश्यू, साहेब.” खरी कारणं खिशातल्या डायरीत. ‘पॅकिंगवाल्याने स्विचचा प्लग काढून मोबाइल चार्जिंगला लावला.’ ‘छोट्या मालकांनी सर्व्हरवर गेम टाकला.’ ‘डिस्क भरली. जुने बॅकअप काढायचे राहिले. (मी.)’

नव्या ट्रेनीने डायरीत डोकावून विचारलं, “भाऊ, मालकांना खरं का नाही सांगत?”

“क्लायंटला स्टेट १च दाखवायचं असतं, बाळा.”

गेल्या महिन्यात पगार लांबला. मालकांनी सगळ्यांना जमवून सांगितलं, “बँकेचा सर्व्हर डाउन आहे.” सगळे हळहळले. भाऊंनीही अदबीने मान डोलावली. मग अकाउंटंटना जिन्याखाली गाठून हळूच विचारलं,

“स्टेट किती?”