स्वच्छतेचं '२१ अपेक्षित'

दहावीच्या पोरांसाठी बाजारात '२१ अपेक्षित' मिळतं, बारावीवाल्यांसाठी क्लासेस आहेत, एमपीएससीवाल्यांसाठी पुण्याच्या पेठांत अभ्यासिका आहेत. नगरपालिकांसाठी मात्र कुणी काही केलेलं नाही. त्यांनी दरवर्षी निमूटपणे स्वच्छ सर्वेक्षणाला बसायचं आणि निकालाच्या दिवशी दिल्लीकडे डोळे लावायचे. नंबर आला तर चौकाचौकात अभिनंदनाचे फ्लेक्स लावायचे (ते नंतर कुणी काढायचे हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा). नाही आला तर 'सर्वेक्षणाची पद्धतच सदोष आहे' असं पत्रक काढायचं. ही हेळसांड पाहवेना, म्हणून आजचं सदर आम्ही समस्त आयुक्त, मुख्याधिकारी, आरोग्य निरीक्षक आणि मुकादम यांना मार्गदर्शक म्हणून अर्पण करत आहोत.

आधी परीक्षेची ओळख. केंद्र सरकारने २०१६ साली ती पहिल्यांदा घेतली तेव्हा ७३ शहरं बसली आणि म्हैसूर पहिलं आलं. पुढच्या वर्षी ४३४ बसली. २०२४-२५ च्या खेपेला हा आकडा साडेचार हजारांच्या वर गेला. गुणही त्याच चालीने फुगले. २०१७ चा पेपर २,००० गुणांचा होता. २०१८ ला तो ४,००० चा झाला, २०१९ ला ५,००० चा, २०२० ला ६,००० चा आणि २०२४-२५ ला साडेबारा हजारांचा. या देशात कचऱ्यापेक्षा वेगाने काही वाढत असेल, तर ते कचऱ्याचे गुण. आता वळूया अपेक्षित प्रश्नांकडे.

प्रश्न १. एका शब्दात उत्तर द्या.

'आपलं शहर स्वच्छ सर्वेक्षणात सहभागी झालं आहे, हे आपल्याला माहीत आहे का?'

हा प्रश्न आम्ही रचलेला नाही. सुरुवातीच्या काही वर्षांत तो नागरिकांना खरोखर विचारला जायचा, आणि 'हो' म्हटलं की शहराच्या पदरात गुण पडायचे. आपण परीक्षेला बसलोय एवढं ठाऊक असल्याबद्दल एसएससी बोर्डाने गुण दिले असते, तर महाराष्ट्रात एकही पोरगा नापास झाला नसता.

तयारी सोपी आहे. शाळांना परिपत्रक धाडा, म्हणजे पोरांच्या डायरीतून निरोप घरी पोचतो. संध्याकाळी दोन-दोन कर्मचारी सोसायट्यांमधून पाठवा. 'काका, मोबाईल द्या जरा, दोन मिनिटांचं काम आहे,' म्हणतील. काका मोबाईल देतील, ओटीपीही देतील आणि टीव्हीकडे वळतील. अभिप्राय काकांचा, अंगठा पालिकेचा. काकांच्या दारात घंटागाडी तीन दिवसांत फिरकलेली नसली तरी बिघडत नाही, कारण तो प्रश्न पुढच्या पानावर असतो आणि त्या पानाचं उत्तरही त्याच अंगठ्याने द्यायचं असतं.

प्रश्न २. कारणे द्या.

(अ) २०१६ साली मुंबई देशात दहावी आली.

त्या वर्षी जानेवारीच्या अखेरीस देवनारचं डम्पिंग ग्राउंड पेटलं. १९२७ पासून मुंबई तिथे कचरा ओतत होती, त्यामुळे जळणाची कमतरता नव्हती. धूर इतका झाला की पालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि नासाच्या उपग्रहालाही तो अंतराळातून दिसला. निकाल १५ फेब्रुवारीला लागला आणि मुंबई पहिल्या दहांत होती. विद्यार्थ्यांनी कारण असं लिहावं : जे उपग्रहाला वरून दिसतं, ते परीक्षकाला खालून दिसेलच असं नाही.

(आ) पुणे २०१८ साली दहावं, २०१९ साली सदतिसावं आणि २०२० साली पंधरावं आलं.

पुणेकर एका वर्षात सत्तावीस पायऱ्या घसरले आणि पुढच्याच वर्षी बावीस पायऱ्या चढले, असा याचा सरळ अर्थ. पण पुणेकर एवढ्या तेवढ्या कारणाने सवयी बदलणारा माणूस नव्हे. २०१८ ला ज्या जागी तो पिचकारी मारायचा, त्याच जागी २०२० ला मारत होता. बदलत होता तो पेपर. कधी कागदपत्रांना जास्त वजन, कधी लोकांच्या अभिप्रायाला, कधी कचरामुक्तीच्या ताऱ्यांच्या प्रमाणपत्राला. शहर जागच्या जागी होतं, मोजपट्टी चालत होती.

(इ) २०१७ साली ४३४ शहरांत भुसावळ ४३३ वं आलं.

गोंडा ४३४ वं आलं म्हणून. भुसावळकरांनी उत्तर प्रदेशातल्या या शहराचे आभार मानल्याचं ऐकिवात नाही, पण मानायला हवे होते. देशातली बाकीची चारेक हजार शहरं त्या वर्षी परीक्षेला बसलीच नव्हती, आणि न बसल्यामुळे त्यांच्यातलं एकही देशातलं सर्वांत घाणेरडं ठरलं नाही. हुशार विद्यार्थ्याने यातून काय तो बोध घ्यावा.

प्रश्न ३. प्रात्यक्षिक.

तपासणीचं पथक कधी येणार हे गुपित असतं, आणि म्हणूनच ते पानवाल्यासकट सगळ्यांना ठाऊक असतं. पथक येण्याच्या आदल्या आठवड्यात पुढील गोष्टी कराव्यात. उड्डाणपुलाच्या खांबांवर वारली चित्रं काढून घ्यावीत. ज्या कोपऱ्यावर रोज कचरा पडतो तिथली कचराकुंडी उचलून रांगोळी काढावी, कुंड्यांत झेंडू लावावा आणि 'आय लव्ह' लिहून पुढे शहराचं नाव असलेला सेल्फी पॉइंट उभारावा. कुंडी गेली की शहर 'कंटेनरमुक्त' होतं. कचरा कुठे जातो? तो रात्री अकराच्या सुमारास स्कूटरच्या पुढ्यात बसून येतो आणि झेंडूच्या पलीकडे उतरतो.

सार्वजनिक शौचालयात आरसा, साबण आणि अभिप्रायाचं यंत्र बसवावं. पाणी आलं तर उत्तमच. प्रत्येक गोष्टीचा जिओ टॅग लावून फोटो काढावा. फोटो नसेल तर काम झालेलं नाही, आणि फोटो असेल तर काम झालं का, हे विचारायचं कारण उरत नाही. पथक गेल्यावर साबण भांडारात जमा करावा. पुढच्या वर्षी लागतो.

प्रश्न ४. फरक स्पष्ट करा : मोठं शहर आणि लहान शहर.

इथे मात्र आम्हाला थोडं गंभीर व्हावं लागतं, कारण या परीक्षेने महाराष्ट्राच्या लहान गावांचं भलं केलं आहे. लाखाच्या आतल्या शहरांत २०२० ला कऱ्हाड पहिलं आलं, २०२१ ला विटा, २०२२ ला पाचगणी, २०२३ ला सासवड. या गावांत कोणतं घर ओल्यात सुकं मिसळतं हे मुकादमाला नावानिशी माहीत असतं, आणि मुकादमाचं घर कुठलं ते त्या घराला. सासवडला कचरा रस्त्यावर टाकणारा माणूस दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने भाजी आणायला जातो. मुंबईत टाकणारा त्याच संध्याकाळी लोकल पकडून दुसऱ्या महापालिकेच्या हद्दीत झोपायला जातो. दोघांना एकच पेपर देता येत नाही हे परीक्षा मंडळालाही पटलं, म्हणून लोकसंख्येप्रमाणे तुकड्या पडल्या.

पुढे आणखी अडचण आली. २०१७ पासून दरवर्षी इंदूरच पहिलं. २०२३ ला सुरतला त्याच्याशेजारी उभं केलं तरी प्रश्न सुटेना. मग २०२४-२५ ला 'सुपर स्वच्छ लीग' काढून इंदूर, सुरत, नवी मुंबई, विजयवाडा असे नेहमी वरचे नंबर काढणारे त्यात बसवले आणि उरलेल्यांचा पहिला नंबर नव्याने काढला. मोठ्या शहरांत अहमदाबाद पहिलं आलं. तीन ते दहा लाखांच्या तुकडीत आपलं मीरा-भाईंदर पहिलं. जो नेहमी पहिला येतो त्याला वर्गाबाहेर बसवलं की वर्ग लगेच हुशार होतो, हे कोणताही वर्गशिक्षक सांगेल.

प्रश्न ५. टीप लिहा : वॉटर प्लस.

इंदूरची कामगिरी खोटी नाही. तिथे घराघरातून कचरा वेगवेगळा उचलला जातो आणि ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा रोज ५५० टन क्षमतेचा प्रकल्प उभा आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये इंदूर देशातलं पहिलं 'वॉटर प्लस' शहर ठरलं. सांडपाणी प्रक्रिया केल्याशिवाय बाहेर सोडलं जात नाही, असं सांगणारं हे प्रमाणपत्र. २०२५ च्या अखेरीस त्याच इंदूरच्या भगीरथपुरा वस्तीत पिण्याच्या नळाला सांडपाणी मिसळलेलं पाणी आलं आणि माणसं मेली. किती मेली यावर सरकारी आकडा आणि वस्तीचा आकडा जुळला नाही. सांडपाणी नदीत गेलं असतं तर प्रमाणपत्र अडलं असतं. ते माणसांच्या पोटात गेलं. या टिपेवर विनोद करण्याची आमची तयारी नाही, विद्यार्थ्यांनीही करू नये. परीक्षेत जे विचारलं जातं तेवढंच पाठ होतं, इतकं लिहून पुढे जावं.

प्रश्न ६. नकाशात दाखवा : आपल्या शहराचा कचरा.

हा प्रश्न सगळ्यांत अवघड, म्हणून बहुतेक जण तो सोडून देतात. घरापासून घंटागाडीपर्यंतचा रस्ता सगळे बरोबर काढतात. घंटागाडीपासून ट्रान्स्फर स्टेशनपर्यंतही काढतात. पुढे पेन्सिल अडते.

पुण्याचं उदाहरण घ्या. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात जाऊन पडला. ढिगातून झिरपणारं काळं पाणी विहिरींत उतरलं. गावकऱ्यांनी वेळोवेळी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, आणि गाड्या अडल्या की पुण्याला दोन दिवसांत आपला स्वतःचा वास येऊ लागायचा. मग बैठक व्हायची, मुदत मागितली जायची, आश्वासनं दिली जायची आणि गाड्या सुरू व्हायच्या. २०१७ ला ही गावं महापालिकेत घेतली. पुढे ती वगळून २०२४ ला त्यांची स्वतंत्र नगर परिषद केली. म्हणजे ज्यांच्या रानात शहराने वर्षानुवर्षं कचरा ओतला, ती गावं आता स्वतः स्वच्छतेच्या परीक्षेला बसणार, नमुना उत्तरपत्रिकेसारखा तो ढीग सोबत घेऊन.

जुन्या ढिगांची विल्हेवाट लावण्याबद्दल सर्वेक्षणात गुण आहेत, हे खरं. पण ते ढीग करणाऱ्या शहराला. ढिगाशेजारी नांदलेल्या गावाला नाहीत. अभिप्राय विचारला जातो तोही ज्याच्या दारातून कचरा उचलला त्याला. ज्याच्या दारात नेऊन टाकला, त्याला फोन जात नाही. दारातून उचललेला कचरा कुणालाही आवडतोच. सगळा प्रश्न पुढच्या बारा-पंधरा किलोमीटरचा आहे, आणि क्रमवारी तिथवर चालत जात नाही. शहरं एकमेकांशी तुलना करून पहिली-दुसरी येतात ती यामुळेच. शहराची तुलना त्याच्याच कचरा डेपोशी केली, तर पहिलं कोण आणि शेवटचं कोण, याला फारसा अर्थ राहणार नाही.

प्रश्न ७. निबंध : परीक्षा नसती तर…

मुद्दे : सुरत, सप्टेंबर १९९४, प्लेगची साथ, स्टेशनवर पळणाऱ्यांची गर्दी. पुढच्या वर्षी एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. अधिकाऱ्यांना खुर्चीतून उठवून रस्त्यावर उतरवलं, अतिक्रमणं पाडली, झाडू रोज फिरेल अशी व्यवस्था लावली. दोन वर्षांत शहर ओळखू येईना. तेव्हा ना गुण होते, ना तारे, ना लीग. प्रश्नपत्रिका उंदरांनी काढली होती आणि ती फुटण्याची सोय नव्हती.

या निबंधात कचरावेचक बायकांचा उल्लेख करायला विसरू नये. पुण्यात २००७ ला 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. जिने चढून दारोदारचा कचरा त्या गोळा करतात, हाताने वेगळा करतात. शहराला मिळणारे गुण त्यांच्या हाताखालून जातात. बक्षीस घ्यायला व्यासपीठावर जे चढतात, त्यांचे हात मात्र पुसलेले असतात.

आता मार्गदर्शकाला साजेशा काही सूचना परीक्षा मंडळालाही. परीक्षा जुलैत घ्या, पहिल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी, नाले स्वतःच तोंड उघडतात तेव्हा. वेळ दुपारी चारची ठेवा, सकाळी सातला कोणतंही शहर सुंदरच दिसतं. शहराला एक नंबर देण्याऐवजी प्रभागवार गुण द्या, म्हणजे आयुक्तांच्या बंगल्यामागची गल्ली आणि झोपडपट्टीतला नाला एकाच सरासरीत लपणार नाहीत. आणि पेपर तपासायला दिल्लीहून कुणी येऊ नये. देवनारच्या, फुरसुंगीच्या, प्रत्येक शहराच्या डेपोशेजारच्या माणसांना बसवा. त्यांना निकष समजावून सांगावे लागणार नाहीत, नाक पुरेल. त्यांच्याकडून पास झालेल्या शहराला खुशाल सात तारे द्या, लीगमध्ये बसवा. नापास झालं तर फेरतपासणीही त्यांच्याकडेच. आणि ओल्यात सुकं घालून 'महापालिका काही करत नाही' म्हणणाऱ्या नागरिकांना ग्रेस मार्क अजिबात देऊ नका.