मानेचं दुखणं, डोळ्यांच्या नावावर

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात मानेला रिकामं बसता येत नाही. नांदुऱ्याला महामार्गालगतचा 105 फुटी हनुमान बघायचा तर ती पाठीला टेकते. लोणारच्या काठावरून विवराच्या तळाचं पाणी बघायचं तर छातीला. राहिलेली वळणं राजूर घाटातली एसटी पुरी करते.

संध्याकाळी पेपरातली अक्षरं पुसट होऊ लागली आणि उजव्या डोळ्यामागे ठणका लागला, तेव्हा घरच्यांनी चष्म्याला धरलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळ्यांना निर्दोष सोडलं आणि विचारलं, "मान दुखते का?" हाडांच्या डॉक्टरांनी मानेचा फोटो उजेडाकडे धरून विचारलं, "नजर कशी आहे?" शेजारच्या काकांनी फोटोशिवायच सांगून टाकलं, "भाऊ, तुमच्या मणक्यात गॅप आला."

डॉक्टरांनी समजावलं ते असं. मानेच्या वरच्या मणक्यांच्या नसा आणि चेहऱ्याची नस मेंदूच्या देठात एकाच ठिकाणी येऊन मिळतात. त्यामुळे दुखते मान आणि बोंब मारतो डोळा. शिवाय डोळे पुढे असले, तरी दिसण्याचं काम चालतं मेंदूच्या मागच्या बाजूला. तिथलं रक्त ज्या दोन धमन्या नेतात, त्या मानेच्या मणक्यांच्या भोकांतून वर चढतात. मणका झिजून त्या दबणं फार क्वचित. काकांच्या मते मात्र अख्ख्या गल्लीत तेच चाललंय. माझ्या बाबतीत तर उलटाच प्रकार निघाला, मान दुखवली ती चष्म्यानेच. दुहेरी काचेच्या चष्म्याच्या खालच्या काचेतून संगणक वाचायला मी दिवसभर हनुवटी वर करून बसायचो. ऑफिसात लोकांना तो माझा तोरा वाटायचा.

आमच्या कटिंगवाल्याकडे यावर जालीम इलाज होता. दाढी अर्धी झाल्यावर त्याने दोन्ही हातांत माझं डोकं धरलं. "हलू नका भाऊ, एका झटक्यात मोकळी करून देतो!" मी अर्ध्या दाढीनिशी उठलो. अशा झटक्याने धमनीचं अस्तर फाटू शकतं. 1993 साली तर अमेरिकेतल्या एका डॉक्टरने, ब्यूटी पार्लरच्या बेसिनवर मान मागे टाकून केस धुतल्यावर मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा त्रास झालेल्या बायकांची नोंद केली आहे. तिथे तर कुणी मान मोडलीही नव्हती.

तेव्हा मंडळी, एकाचे दोन दिसू लागले, अर्धी नजर गेली, किंवा मान दुखून एका डोळ्याची पापणी लोंबली, तर चंपी, शेक, काका सगळं बाजूला ठेवा आणि त्याच तासाला मोठा दवाखाना गाठा. नुसती मान अवघडली असेल, तर आधी चष्मा नि खुर्ची तपासा. कटिंगवाल्याला फक्त केस द्या.