आमटीची विषपरीक्षा

फुकुओकाला लेकीकडे जायचे ठरले आणि मी जपानी सेलाडॉनवर हाताला लागेल ते वाचून काढले. आमच्या घरात वाचनाचा त्रास वाचणाऱ्याला कमी आणि इतरांना जास्त होतो. फुकुओकाहून इमारीला ही भांडी पाहायला निघालो, तेव्हा बसमध्ये तो जावईबापूंना झाला. ही हिरवट-निळी भांडी मूळ चीनची, कोरियात बहरली, मग जपानात आली. झिलईत लोह अगदी थोडे, एक ते तीन टक्के. भट्टी साडेबाराशे अंशांच्या आसपास, आणि आत प्राणवायूची मुद्दाम केलेली उपासमार. हवा जास्त शिरली की हिरव्याचे पिवळट होते. जावईबापूंची हवाही एव्हाना गेली होती, पण मी योशिमासावर आलो.

आशिकागा योशिमासा हा पंधराव्या शतकातला शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी शासक. त्याच्या चिनी सेलाडॉन वाडग्याला तडा गेला. त्याने तो चीनला पाठवला आणि असाच दुसरा मागितला. तिकडून उत्तर आले, असा माल आता आमच्याकडेही होत नाही. आणि तोच वाडगा धातूच्या टाचण्या मारून परत आला, अशी कथा आहे. टाचण्यांसकट तो आज तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

"म्हणजे वॉरंटी नव्हती," जावईबापू म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

इमारीजवळचे ओकावाचियामा हे तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेले गाव. नाबेशिमा सरदारांनी सतराव्या शतकात आपली खास भट्टी इथे आणली, आणि कारागिरी बाहेर फुटू नये म्हणून वाटेवर चौकी बसवली. माल बाजारात विकायचा नाही, शोगुनला आणि बड्या सरदारांना नजराणा म्हणून द्यायचा. त्यात खोट निघाली तर फोडून टाकायचा. १८७१ मध्ये संस्थाने गेली आणि हा थाट संपला. आता तिथे ओळीने दुकाने आहेत, आणि जूनमध्ये त्यांच्या दारांत चिनी मातीच्या छोट्या घंटा वाऱ्यावर किणकिणत असतात.

एका दुकानात मी वाडगा उचलला आणि उन्हाळ्यात कुंभाराकडे माठ घेताना वाजवतात तशी त्याला टिचकी मारली. काउंटरमागच्या आजीबाईंचे दोन्ही हात क्षणात वाडग्याखाली आले. इतक्या वेगाने मी आयुष्यात कशासाठीही हललेलो नाही. मग मला झिलईत बारीक तड्यांचे जाळे दिसले आणि माझ्यातला रसिक जाऊन गिऱ्हाईक जागे झाले.

"विचार त्यांना, तडकलेल्याचे किती कमी करणार?"

"बाबा, हळू बोला. ते तडे मुद्दाम आणलेत. त्याचेच पैसे आहेत."

भट्टीतून निघालेले भांडे थंड होताना झिलई आतल्या मातीपेक्षा जास्त आक्रसते, म्हणून ती तडकते. तडकण्याचे प्रमाण हातात ठेवणे हीच कारागिरी. हे मी बसमध्ये स्वतःच सांगितले होते, असे जावईबापूंनी नम्रपणे लक्षात आणून दिले. पूर्ण किंमत मोजून दोन वाडगे घेतले. बांधून देताना आजीबाई पाण्याच्या भांड्याकडे बोट दाखवून बरेच काही सांगत होत्या. लेक बाहेर घंटांचे फोटो काढत होती. मी जपानी समजल्यासारखी मान डोलावली.

संध्याकाळी सौभाग्यवतींनी चिंच-गुळाची आमटी केली. पळीभर कढत आमटी वाडग्यात पडली आणि आवाज आला, टिंग! सगळे दचकले. तोंड मिटून बसण्याची ही उत्तम वेळ होती. मी म्हणालो, "मुघल दरबारात अशी समजूत होती की अन्नात विष असेल तर सेलाडॉनचे ताट तडकते."

सौभाग्यवतींनी पळी खाली ठेवली. "काय म्हणालात?"

"अगं, तुझ्या आमटीबद्दल नव्हे."

"मग कोणाच्या? ताटात दुसऱ्या कोणाची आमटी आहे?"

त्या रात्री मी ताकभातावर झोपलो.

सकाळी वाडग्यात पिवळ्याधमक रेषांचे जाळे उमटले होते. हळद प्रत्येक तड्यात उतरली होती. चीनच्या 'ग' नावाच्या भांड्यांवर असे सोनेरी आणि काळे तडे असतात आणि संग्राहक त्यांना 'सोन्याचा धागा, लोखंडी तार' म्हणून गौरवतात, हे मी सांगून पाहिले. लेकीने वाडगा निमूटपणे साबणाच्या पाण्यात बुडवला. साबणाने काही झाले नाही, खायच्या सोड्यानेही नाही. हळदीचा डाग उन्हात फिका पडतो, म्हणून वाडगा बाल्कनीत ठेवला. पण जून म्हणजे जपानात पावसाळा. ऊन पडेना, आणि वाडग्यात पाणी मात्र साठले. आजीबाई पाणी-पाणी करत होत्या ते याचसाठी, असे लेकीने चौकशी करून सांगितले: तड्यांचे भांडे वापरण्याआधी पाण्यात भिजवायचे, म्हणजे तडे पाणी पितात आणि रंग कमी शोषतात.

तुम्ही सेलाडॉन घेणार असाल तर रोजच्या वापरासाठी बिनतड्याचे घ्या; ओकावाचियामात तेही मिळते. तड्यांचेच आवडले तर त्यात भात वाढा, हिरवा चहा घ्या, आणि आधी भिजवायला विसरू नका. आमटीला स्टीलची वाटीच बरी.