जडवस्तू संग्रह नोंदवही

रजेच्या अर्जात मी ‘पोटाची शस्त्रक्रिया’ एवढंच लिहिलं होतं. चाळिशी ओलांडलेल्या बाईने पोटाची शस्त्रक्रिया म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. पिशवी काढली असणार, हे परस्पर ठरतं. आमच्या ऑफिसातही ठरलं. ऑफिस साताऱ्यातलं आहे आणि सरकारी आहे. याहून जास्त पत्ता देत नाही, माझी पेन्शन अजून व्हायची आहे.

पिशवी काढली होती हे खरंच. फक्त लोकांच्या मनातली नव्हे, तिच्या वरच्या मजल्यावरची. पोटाला चार-पाच भोकं पाडतात, दुर्बीण आत घालतात, जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग कापून बाहेर काढतात आणि उरलेल्याला टायटेनियमच्या पिना मारून टाकतात. जन्मभर दुसऱ्यांच्या कागदांना पिना मारल्या, शेवटी आपल्यालाही कुणीतरी मारल्या. “आता केळ्याएवढं उरलंय,” डॉक्टर म्हणाले. “वेलची की बसराई?” मी विचारलं. ते पुण्याचे होते, हसले नाहीत.

रजा संपल्यावर सकाळी पावणेदहाला ‘मध्यान्हपूर्व’ रुजू अहवाल दिला, सोबत तंदुरुस्तीचा दाखला जोडला. दाखल्यात लिहिलं होतं की काही आठवडे जड वस्तू उचलू नयेत. ते वाचून आवक-जावकच्या ताईंची उरलीसुरली शंका फिटली. “अगं, वाकू नकोस, जिना चढू नकोस. माझ्या वहिनीने ऐकलं नाही, आता कंबर धरून बसलीय,” असं म्हणत त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. आत डिंकाचे लाडू. साजूक तुपातले, खारीक-खोबरं ठासून भरलेले, वर बेदाणा बसवलेला. एकेक लाडू माझ्या नव्या जठराच्या निम्म्याहून मोठा.

आता आली का पंचाईत! त्या वेळी मी पातळ वरणावरून नुकती कुठे घोटलेल्या पदार्थांवर आले होते. लाडू तर सोडाच, त्यातला बेदाणासुद्धा मला झेपला नसता. पण साताऱ्यात डिंकाच्या लाडवाला नाही म्हणणं म्हणजे करणारीला नाही म्हणणं. शेवटी “घरी निवांत खाते” म्हणून डबा घेतला. नवऱ्याचं वजन त्या महिन्यात वाढलं. त्याची कंबर आता कधी धरणार नाही.

माझा स्वतःचा डबा म्हणजे पूर्वी चटणीला नेत असे ती डबी. तिच्यात कुस्करलेलं पनीर, नाहीतर मऊ शिजवलेलं अंडं. आधी प्रथिनं, मग जागा उरली तर बाकीचं, असा नियम. जागा उरत नाही. प्रत्येक घास पीठ होईपर्यंत चावायचा, चमचा खाली ठेवायचा, मग पुढचा उचलायचा. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. एक चमचा जास्त झाला की छातीच्या मधोमध कुणीतरी दार लावून घेतल्याचं कळतं आणि आपण टेबलावर हसऱ्या चेहऱ्याने बसून राहतो.

जेवणाची सुट्टी एक ते दोनच्या मध्ये आणि फार तर अर्धा तास, असं परिपत्रक सरकारने २०१९ मध्ये काढलं होतं. ते अक्षरशः पाळणारी राज्यातली पहिली कर्मचारी बहुधा मीच असेन, कारण डबी संपवायला मला बरोबर तेवढाच वेळ लागतो. आमच्या पलीकडच्या टेबलावर दीक्षित पंथाची मंडळी बसतात. दिवसातून दोनदाच जेवायचं, पण पंचावन्न मिनिटांच्या आत काय ते उरकायचं, ही त्यांची पद्धत. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी याचं श्रेय डॉ. श्रीकांत जिचकारांना दिलंय, हेही ते प्रत्येक जेवणाला सांगतात. डॉक्टरांनी दिलेली पंचावन्न मिनिटं आणि शासनाने दिलेली तीस यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न त्यांनी पंचावन्नच्या बाजूने सोडवलाय. मी दर दोन-तीन तासांनी डबी उघडते म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे धर्म बुडवल्यासारखं पाहिलं.

महिन्याभराने खरी गडबड सुरू झाली. मी वाळत चालले होते. पिशवी काढलेली बाई वाळत नसते, सुटते, हे ऑफिसातल्या समस्त महिला वर्गाला ठाऊक होतं. दाखल्यादाखल नणंदा, जावा, शेजारणी हजर झाल्या. मग कुणी शुगर म्हणालं, कुणी थायरॉइड. मी आल्यावर बोलणं बंद व्हायला लागलं, तेव्हा ओळखलं की आता ‘तसलं काही’ निघालंय. शिपाई मामांनी एकदा चहाचा कप ठेवता ठेवता हळूच विचारलं, “बाई, डॉक्टर काय म्हणत्यात? खरं सांगा. न्हाई, म्हटलं लेकीचं लगीन उरकून घ्या यंदा.” लेक नववीत आहे.

सांगून टाकावं असं वाटायचं. पण फार सांगावं लागलं नाही. सरकारी ऑफिसात गुपित फुटायला मैत्रीण लागत नाही, वैद्यकीय प्रतिपूर्तीचं बिल पुरतं. लेखा शाखेतल्या भाऊसाहेबांनी माझी फाइल उघडली, ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’ हे शब्द बोट ठेवून वाचले, मोबाइलमध्ये घातले आणि चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे बघत राहिले.

“मॅडम, हे सौंदर्यवर्धनासाठी केलंय का?”

भाऊसाहेब, मधुमेह आहे, रात्री झोपेत श्वास अडकायचा, गुडघे गेलेत, बीएमआय बसतो, सगळे कागद जोडलेत, असं मी सांगितलं. बीएमआय म्हणजे काय, अशी त्यांनी तोंडी त्रुटी काढली. वजन किलोत घ्यायचं आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. हे गणित काढलं ॲडॉल्फ केटले नावाच्या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाने, १८३० च्या दशकात. त्याला जाडेपणाशी काही घेणं नव्हतं, तो सरासरी माणूस शोधत होता. इतक्या लांब शोधायची गरज नव्हती, तो आमच्या आस्थापना शाखेत बसतो. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव तर या गणिताला १९७२ मध्ये मिळालं. तेव्हापासून जगभरच्या जाड माणसांच्या फायलीवर एका आकाशनिरीक्षकाचा शेरा असतो.

संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांना कळलं. कुणीतरी विचारलं, काढलेल्या भागाची जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंद घेतली का? दुसऱ्याने सांगितलं, निर्लेखनाचा प्रस्ताव आधी पाठवायला हवा होता, आता लेखापरीक्षणात आक्षेप येणार. यावर मीही हसले. चांगलं होतं ते.

‘शॉर्टकट मारला’ यावर मात्र हसू आलं नाही. म्हणणारे गृहस्थ रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर जातात आणि खाली उतरल्यावर मिसळ खातात, रस्सा दोनदा मागून. त्यांचं वजन मी नोकरीला लागल्यापासून आहे तेवढंच आहे. त्यांना एवढंच सांगावंसं वाटलं की बाबा रे, भूक लावणारं एक संप्रेरक जठराच्या वरच्या भागात जास्त करून तयार होतं, तो भागच गेला म्हणून पोट गप्प आहे. डोकं गप्प नाही. चार वाजता गेटवरच्या गाड्यावर वडे तळायला पडले की ते माझ्याच खिडकीत येतात. आणि लोह, कॅल्शियम, बी-बारा यांच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्यात, केस तर विंचरायची भीती वाटावी असे गळतायत. याला शॉर्टकट म्हणणाऱ्याने पुणे-सातारा रस्ता कधी पावसाळ्यात पाहिलेला नाही. शेवटी साहेबांनीच मिटवलं. “अहो, २०११ साली गडकरी साहेबांनी केली होती ना बॅरिएट्रिक,” ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून माझी शस्त्रक्रिया प्रतिष्ठित झाली.

एक गोष्ट मात्र कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना समजली. प्रत्येक ऑफिसात सेवाज्येष्ठतेच्या यादीबरोबर वजनज्येष्ठतेचीही एक अलिखित यादी असते. तिच्यात मी वर्षानुवर्षं पहिली होते. ग्रुप फोटोत माझ्या शेजारी उभं राहायला चढाओढ असे, कारण माझ्या शेजारी कुणीही सडपातळ दिसे. आता माझं पद रिक्त झालं आणि दुसऱ्या क्रमांकावरचे भाऊसाहेब, विनंती नसताना, जागेवर बढती पावले. लिफ्टमध्ये ते शिरले की आता त्यांच्याकडे बघतात. पूर्वी दोघं मिळून शिरलो की ते माझ्याकडे बघून हसत, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. बिल दोनदा त्रुटीत गेलं.

माझी एक बिनहाताची लाकडी खुर्ची होती. हातांच्या खुर्चीत मी बसत असे, उठताना खुर्चीही सोबत उठे, म्हणून साहेबांच्या परवानगीने भांडारातून खास काढून घेतलेली. एक दिवस भाऊसाहेब आले, इकडचं तिकडचं बोलले, तिच्या पाठीवरून हात फिरवला. “तुम्हाला आता लागत नसेल ना ही?” मी मामांना हाक मारली. खुर्ची गेली. संध्याकाळी बिल मंजूर होऊन आलं.

तेव्हापासून आमचं बरं चाललंय. इतकं बरं, की परवा एकाच्या बढतीचे कंदी पेढे आले तेव्हा भाऊसाहेब लेखा शाखा सोडून माझ्या शेजारी येऊन बसले. मला गोड जरा भरभर खाल्लं की घाम फुटतो, धडधडतं. म्हणून मी पेढ्याचा कोपरा तोडते, जिभेवर ठेवते आणि बाकीचा पेढा कागदावर तसाच राहतो. दर समारंभाला पाऊण पेढा, पाऊण सामोसा, अख्खी वेफर्सची पुडी, असा माझा शिल्लक साठा निघतो आणि त्यावर तीन दावे आहेत. आवक-जावकच्या ताई म्हणतात, लाडू मी आणले होते. मामा म्हणतात, उरलंसुरलं शिपायाचं, ही साहेबाच्या काळापासूनची, म्हणजे इंग्रज साहेबाच्या, वहिवाट आहे. भाऊसाहेब ज्येष्ठतेचा मुद्दा काढतात आणि कोणती ज्येष्ठता ते सांगत नाहीत. रोज उठून कोण भांडणार, म्हणून मी रीतसर टिपणी ठेवली. साहेबांनी तीवर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारला आणि चर्चेला येताना पेढे घेऊन यायला सांगितलं.